सात भांडी आणि बाहेरचा नळ

मी पत्रकं लिहिते. पोट त्यावर चालत नाही, ते शिकवण्यांवर चालतं. पण कुणी विचारलं तर मी पत्रकंच सांगते. पत्रकाला पहिल्या ओळीत राग लागतो, शेवटच्या ओळीत मागणी लागते आणि मध्ये कुणाची तरी चूक लागते. त्या उन्हाळ्याबद्दल मी दोनदा पत्रक लिहायला बसले. दोन्ही वेळा मधली चूक माझीच निघाली आणि मागणी कुणाकडे करायची ते कळेना. म्हणून पत्रक नाही. जसं झालं तसं लिहिते आहे. थकलेही आहे, तेव्हा आवाज चढवणार नाही.

आमचं घर तंजावूरच्या बाहेर, पापनाशमच्या रस्त्याला. पूर्वी तिथे भातशेती होती, मग प्लॉट पडले, हद्दीचे दगड रोवले गेले आणि एकेक घर उभं राहिलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीच्या आधी त्यांनी ही जागा घेतली. रस्त्यालगतची चांगली जागा त्याच भावात मिळत होती, ती सोडून त्यांनी आतली पसंत केली, कारण हिच्यात शेताची जुनी विहीर होती. गोड्या पाण्याची. आमच्या गल्लीत ज्याने त्याने बोअर मारली आणि प्रत्येकाला मचूळ पाणी लागलं. त्या पाण्याने कपडे धुता येतात, नाइलाजाने अंघोळ होते, पण डाळ शिजत नाही आणि कॉफी फाटते. सरकारी नळ गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याला पाणी कधी येतं, हा माझ्या चार वर्षांच्या पत्रकांचा विषय.

राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात अप्पांनी कुंपणाच्या भिंतीला भोक पाडलं, त्यातून पाइप बाहेर काढला आणि त्याला नळ बसवला. सकाळी सहाला विहिरीवरची मोटर लागायची. आधी घरातली सात भांडी भरायची: स्वयंपाकघरातल्या दोन तांब्याच्या घागरी, पडवीतला हंडा, देवाची कळशी, आणि तीन स्टीलच्या टाक्या. सातवं भांडं भरलं की अप्पा खांद्यावरचं तुंडु, म्हणजे पंचा, नीट करायचे, पायात चपला घालायचे, आणि बाहेर जाऊन भिंतीपाशी उभे राहायचे. तिथे तोवर कुडमांची रांग लागलेली असे. कुडम म्हणजे प्लॅस्टिकच्या घागरी, लाल, हिरव्या, निळ्या. बाई घागर ठेवून घरी कामाला जाते; रांगेत घागर उभी असली की बाई उभी असल्यासारखीच. तिला ढकलून पुढे कुणी सरकत नाही.

आमच्या घरी जेवायला बसलं की वाढणारा कधी ‘पुरे का?’ विचारत नाही. वाढत राहतो. जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरायचा आणि ‘पुरें’ म्हणायचं, मग थांबायचं. वाढणाऱ्याच्या तोंडून तो शब्द निघाला तर पाहुण्याला पानावरून उठवल्यासारखं होतं. अप्पांनी हीच रीत नळाला लावली. नळ त्यांच्या हातात. पण बंद करायचा तो समोरची बाई ‘पोदुम’ म्हणाली की. पोदुम म्हणजे पुरे. कुणी एका घागरीवर पोदुम म्हणायची, कुणी दोन, आणि गल्लीच्या टोकाला राहणारी फुलवाली आजी, जी दिवसभर मोगऱ्याचे गजरे बांधते, ती अर्ध्या घागरीवरच. तिला त्याहून जास्त उचलत नसे.

मला हे सगळं बघून चीड यायची. खरंच यायची. एकदा मी पंचायत कचेरीवर धरणं ठेवलं, घरोघरी पत्रकं वाटली, आणि आलो आम्ही अकरा जण. त्यातले चार माझ्या संघटनेचे. एक कुत्रं. दुपारी घरी येऊन मी अप्पांना म्हटलं, “तुमच्या या नळापायी माझ्या धरण्याला कोणी येत नाही. ज्याला सकाळी फुकट पाणी मिळतं तो कशाला उन्हात बसेल?”

अप्पा वर्तमानपत्र वाचत होते. “मग धरणं संध्याकाळीं ठेव गे. सकाळीं पाणी, संध्याकाळीं धरणं.”

“आणि तिथे बसून तहान लागली,” आई आतून म्हणाली, “तर परत इथेच या म्हणावं, वाद्यार उभे आहेत.” वाद्यार म्हणजे मास्तर. सगळी गल्ली अप्पांना तेच म्हणते, आणि आई चेष्टेत असली की तीसुद्धा.

“हसा,” मी म्हणाले. “तुम्ही कचेरीचं काम करता म्हणून कचेरी झोपते.”

“कचेरी माझ्या आधीपासून झोपलेली आहे,” अप्पा म्हणाले. “मी आलों तेव्हां घोरत होती.”

चैत्र संपता संपता अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्यात पाणी-धूळ जाऊ द्यायची नाही. आईचे गुडघे पायऱ्या उतरायला तयार नव्हते. तेव्हा नळ माझ्याकडे आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अप्पांनी मला विहिरीपाशी नेलं. आत उतरण्यासाठी विहिरीच्या भिंतीत दगड बसवलेले आहेत, एकाखाली एक, हातभर बाहेर आलेले. त्यांनी वाकून बोट दाखवलं.

“सातवा दगड दिसतो?”

“दिसतो.”

“आठवा उघडा पडला कीं आपलें एक भांडें कमी कर. नववा पडला कीं आणखी एक.”

“आणि बाहेरच्यांचं?”

“त्यांना सांगायचें, आठवा दगड दिसायला लागला. बस्स. ते आपलें बघून घेतात.”

“म्हणजे किती कमी करायचं ते सांगायचं नाही?”

“नाहीं. दगड सांगायचा.”

मग ते सरळ झाले आणि मला त्यांनी जे सांगितलं ते मी नीट ऐकलं होतं, हे मी इथे कबूल करते. ते म्हणाले, “मेट्टूरच्या धरणाचें पाणी नदींत सोडलें, कालवे भरले, कीं ही वर चढेल. तोंवर हिला पुरवायची. एकदां गाळाला लागली तर मोटर जळेल, आणि गल्लीला मचूळ पाण्याशिवाय कांहीं राहणार नाहीं. माझा डोळा बरा होईपर्यंत एवढें कर.”

एवढंच करायचं होतं. कत्तिरीच्या कडक उन्हाचे पंचवीस दिवस आणि पुढे थोडे. नदीला पाणी येईपर्यंत विहीर पुरवायची.

पहिले आठ दिवस मी मुकाट्याने नळ धरला. आणि धरता धरता बघत राहिले, कारण बघणं ही माझी सवय. कोण किती नेतं. पलीकडच्या रांगेतल्या दोन खोल्यांत राहणारी ऑटोवाल्याची बायको एका मंगळवारी चार घागरी घेऊन आली आणि चारही भरून नेल्या. तोंड वर करून. तिच्यामागे फुलवाली आजी अर्ध्या घागरीवर ‘पोदुम, पाप्पा’ म्हणून वळली. पाप्पा म्हणजे पोरी. ती मला अजून तेच म्हणते. मला तिथेच उभ्या उभ्या संताप आला. हा न्याय? जी दांडगी ती चार, जी म्हातारी ती अर्धी? आणि हे सगळं कुणाच्या तरी चांगुलपणावर. भिंतीला पाडलेल्या भोकातून. आम्ही संघटनेत काय शिकलो? देणाऱ्याची मर्जी नको, घेणाऱ्याचा हक्क हवा. समान वाटप. लेखी.

त्या दिवशी संध्याकाळी मी फ्लेक्सच्या दुकानात जाऊन एक बोर्ड करून आणला. पांढऱ्यावर लाल, तमिळमध्ये: ‘प्रत्येक घराला रोज दोन कुडम. ही भीक नाही, तुमचा हक्क आहे.’ शिवाय पुठ्ठ्याची टोकनं कापली, घरटी दोन, त्यावर रबरी शिक्का. भिंतीत दोन खिळे ठोकून बोर्ड नळावर तारेने बांधला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. चार वर्षांत कचेरीकडून जे झालं नाही ते मी एका संध्याकाळी आमच्या भिंतीवर करून दाखवलं होतं.

अप्पांच्या डोळ्याला पट्टी होती. त्यांनी विचारलं, “कसलें ठोकणें चाललें होतें?”

“बोर्ड लावला. शिस्तीसाठी.”

“हं,” ते म्हणाले. मला वाटलं त्यांना पटलं.

पहिल्या दिवशी रांग देखणी होती. प्रत्येकीच्या पुढे दोन घागरी. प्रत्येकीच्या. ज्या गेली सात-आठ वर्षं एका घागरीवर पोदुम म्हणत होत्या त्याही दोन घेऊन आल्या. फुलवाली आजीसुद्धा. तिने एक भरलेली घागर कमरेवर घेतली, चार पावलं गेली, खाली ठेवली, परत आली, दुसरी ओढत नेली. मग पहिली. अशी ती गल्लीभर.

“आजी, तुला दोन कशाला?” मी म्हणाले. “तुला तर अर्धी लागते.”

“बोर्डावर दोन लिहिलंय, पाप्पा.”

“ते जास्तीत जास्त.”

“मी सोडली तर माझी दुसरी कोण नेणार?” ती म्हणाली. तिने ते रागाने विचारलं नाही, खरंच विचारलं. “माझी आहे ना ती? मग दुसऱ्याला का सोडू?”

हक्क म्हणून सांगितलेली गोष्ट सोड असं कुठल्या तोंडाने सांगणार?

चौथ्या दिवशी एका घराची दोन घरं झाली. दोन भाऊ, एक छप्पर. पण चूल वेगळी, टोकन वेगळं. पाचव्या दिवशी आणखी तिघांच्या चुली वेगळ्या झाल्या. मी बोर्डाखाली कागद चिकटवला: ‘एक रेशनकार्ड, दोन कुडम.’ त्यावर ज्यांचं कार्ड गावी होतं ते भांडायला आले. मग मी त्याखाली आणखी एक कागद चिकटवला. कुणाची टोकनं हरवली, कुणाला सापडली. एकीने दुसरीला ‘टोकनचोर’ म्हटलं आणि दोघींनी मला पंच केलं. मी कचेरीतल्या कारकुनासारखी बोलायला लागले. “उद्या या. अर्ज द्या.” हे शब्द माझ्या तोंडून आले, आणि मला ते ऐकूही आले.

उरलेलं पाणी कुठे जात होतं ते गल्लीत फिरलं की दिसायचं. एका दारात कुंडीतल्या तुळशीभोवती गोड्या पाण्याचं तळं. एक गृहस्थ त्याच पाण्याने स्कूटर पुसत होते. मी म्हटलं, “अहो, हे प्यायचं पाणी आहे.”

“माझ्या वाट्याचं आहे, अम्मा,” ते म्हणाले. “दोन घागरी पिऊन तर नाही संपत.”

विहिरीत बघणं मी टाळायला लागले. तरी दिसायचंच. आठवा दगड माझ्या बोर्डाच्या तिसऱ्या दिवशी उघडा पडला. मी आमचं एकही भांडं कमी केलं नाही. केलं असतं तर आईला कळलं असतं आणि आईला कळलं असतं तर अप्पांना. बाहेर दगड सांगितला नाही, कारण बोर्डावर ‘दोन’ लिहिलं होतं आणि दगड सांगून मी काय सांगणार होते? दीड? नववा दगड उघडा पडला. अप्पा रोज विचारायचे, “कितवा?” मी म्हणायचे, “आठवा दिसतोय थोडा.”

मी खोटं बोलते, हे मला तेव्हा माहीत होतं. पत्रकात मी इतरांच्या खोट्याबद्दल फार लिहिलं आहे, म्हणून हे इथे ठेवते.

बोर्डाच्या तेराव्या दिवशी, सकाळी, आमचं सहावं भांडं भरत असताना मोटरचा आवाज बदलला. घरघर थांबली आणि कोरडी, वरची किंकाळी सुरू झाली. पाइपातून फस्‌कन् वारा आला, मग तांबूस चिखलाची चूळ, मग काही नाही. मी बटण बंद करायला धावले. त्याआधीच अप्पा आतून आले होते. काळा चष्मा, एक हात भिंतीवर. त्यांनी बटण बंद केलं, मोटरला हात लावून बघितला, ती तापलेली होती, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बादली सोड.”

मी दोर सोडला. दोर जातच राहिला. बादली खाली लागली तेव्हा पाण्याचा आवाज झालाच नाही. ओल्या मातीवर काही आपटावं तसा आवाज झाला.

“कितवा?” त्यांनी विचारलं.

“सगळे,” मी म्हणाले. “सगळे दिसताहेत.”

ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले. बाहेर रांग होती. कुणीतरी भिंतीवरून डोकावून ओरडलं, “वाद्यार, पाणी का थांबलं?” आणि अप्पांनी स्वतः उठून, भिंतीपाशी जाऊन सांगितलं, विहीर आटली, आज नाही. ते माझं काम होतं. मी जागची हलले नाही.

मग ते परत येऊन बसले. मी वाट बघत होते की ते ओरडतील. मला ते हवं होतं. ओरडण्याला मी उत्तर देऊ शकते.

“बोर्डावर काय लिहिलें आहेस?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“दोन कां?”

“समान म्हणून.”

“एक पुरणारीनें काय करायचें?”

“एक न्यायची.”

“कशी नेईल? तूं तिला सांगितलेंस कीं तुझ्या दोन आहेत. एक नेली तर ती एक गमावून घरीं जाते.” त्यांनी चष्मा काढला, डोळ्याला वारा लागला म्हणून परत घातला. “आधीं ती एक नेऊन भरल्या घागरीनें जात होती.”

“आणि चार नेणारीचं काय?” मी म्हणाले. माझा आवाज चढला. “ती ऑटोवाल्याची बायको? चार, अप्पा! समोर म्हातारी अर्ध्या घागरीवर उभी आणि ही चार!”

“केव्हां?”

“मी बोर्ड लावला त्या मंगळवारी.”

“मंगळवारीं तिची बहीण बाळंत होऊन दवाखान्यातून घरीं आली. मला तिनें आधींच सांगितलें होतें.” मग त्यांनी विचारलं, “बुधवारीं किती नेल्या?”

मला आठवेना. मी मंगळवारी संध्याकाळी बोर्ड केला होता. बुधवारपासून मी टोकनं मोजत होते.

आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “पहिली दोन भांडी झाकून ठेव. तेवढंच आहे आता.”

पुढचे दिवस कठीण गेले. घरात सातांऐवजी तीन भांडी झाली आणि तीही विकतच्या कॅनची. दुकानातल्या कॅनला गल्लीतून एकदम मागणी आली तेव्हा दुकानदाराने दारावर ‘स्टॉक नाही’ लिहिलं. मी कचेरीत टँकरचा अर्ज घेऊन गेले. तिथल्या माणसाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, “तुमच्या गल्लीत तर विहीर आहे ना? तुम्हीच बोर्ड लावला म्हणे.” तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

टँकर आला नाही. हे मी पत्रकात लिहिलं, आणि पुन्हा लिहीन. आमच्या विहिरीत मी चूक केली म्हणून कचेरीची चूक पुसली जात नाही. गोडं पाणी गल्लीला मिळणं हा हक्क आहे, बोर्डावरचं ते वाक्य आजही खरं आहे. फक्त ते आमच्या भिंतीवर लावायचं नव्हतं. कचेरीच्या भिंतीवर लावायचं होतं. माझ्याच्याने ते तिथे लागलं नाही, म्हणून मी जवळची भिंत धरली.

विहीर आटल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. ऑटोवाल्याची बायको. कमरेवर निळी घागर, नवऱ्याची ऑटो रस्त्यावर उभी. तिरुवैयारूकडे तिच्या माहेरच्या मळ्यात विहीर होती. तिथून ऑटोत घागरी भरून आणल्या होत्या. मागच्या सीटवर आणखी तीन डुचमळत होत्या.

“घ्या,” तिने घागर पडवीत ठेवली. “वाद्यारच्या डोळ्याचं औषध आहे ना, मचूळ पाण्याने तोंड धुवायला लावू नका.”

मी काहीतरी पुटपुटले. घागर रिकामी करायला आत नेणार तोच ती म्हणाली, “थांब, थांब. तुझ्या घराला किती? बोर्डावर बघून सांग.”

आई मोठ्याने हसली. अप्पाही हसले, डोळ्यावर हात धरून, कारण हसल्यावर दुखत होतं.

“दोन लिहिलंय ना?” ती म्हणाली. “म्हणजे अजून एक माझ्याकडून येणं लागतं की काय?”

“नाही, अक्का,” मी म्हणाले. “एक पुरे.”

“मला नको सांगू. पुरते का ते वाद्यारना विचार.” तिने दाराच्या चौकटीला टेकून घाम पुसला. “मंगळवारी मी चार नेल्या तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. एक शब्द विचारला असतास तर सांगितलं असतं. घरात बाळंतीण आहे, तू म्हणाली असतीस, पाच ने. काय?”

म्हणाले असते का? मला वाटत नाही. मी तिला ‘नियम सगळ्यांना सारखे’ असं सांगितलं असतं. पण मी मान हलवली.

“बाळ कसं आहे?” मी विचारलं.

“आता विचारतेस,” ती म्हणाली. “चांगलं आहे. तुझ्यासारखं दिवसभर रडतं.”

त्या दुपारी मी पक्कड घेऊन बोर्ड उतरवला. तारा गंजल्या नव्हत्या तरी सुटता सुटेनात. इतक्या रागाने मी त्या पिळल्या होत्या. खाली चिकटवलेले कागद भिंतीवरच राहिले. ते खरवडायला अख्खी दुपार गेली, तरी ‘रेशनकार्ड’ हा शब्द अजून भिंतीवर पुसट दिसतो.

आठवडाभराने विहिरीच्या तळाला हात दीड हात पाणी जमलं. मोटर लावायची नाही, असं अप्पांनी सांगितलं. दोराने शेंदायचं. घरासाठी तीन भांडी, आणि जे उरेल ते भिंतीबाहेर, बादलीने. शेंदायची मी. पहिल्या दिवशी मी बाहेर गेले तेव्हा बायका आल्या होत्या, पण घागरी रांगेत नव्हत्या; त्या हातात धरून उभ्या होत्या, घट्ट. माझ्यामुळे. पूर्वी घागर एकटी उभी राहायची.

मी म्हणाले, “तळाला दीड हात आहे. सगळे दगड दिसताहेत.” अप्पांनी सांगितलं होतं तेवढंच.

काही झालं नाही. चमत्कार वगैरे काही नाही. पहिलीने दोन भरून घेतल्या आणि वर बघितलंही नाही. दुसरीने दोन. स्कूटरवाल्या गृहस्थांच्या घरून आलेल्या बाईने दोन. माझे हात दोराने सोलवटले होते आणि मला वाटलं, संपलं, मी ही गल्ली बिघडवली ती बिघडवली. मग फुलवाली आजी आली. एकच घागर, तीही छोटी. मी ओतायला लागले. अर्धी झाली. मी ओतत राहिले, कारण वाढणाऱ्याने थांबायचं नाही. ती म्हणाली, “पोदुम, पाप्पा. पाठ मोडेल माझी. तेरा दिवस ओढलं, तेवढं पुरे.”

तिच्यामागची ते बघत होती. तिने एक नेली. तिच्यामागचीने दोन. तसंच चाललं ते, पुढे कितीतरी दिवस. काही एक, काही दोन. दोन भावांची चूल अजूनही वेगळीच आहे. तेही मीच केलं, असं त्यांची आई मला भेटेल तेव्हा ऐकवते.

नदीला पाणी आल्याचं आम्हाला बसमधून कळलं. पुलावरून जाताना सगळी बस एका बाजूला झुकली आणि ड्रायव्हर ओरडला. त्यानंतर आमच्या बाजूचे कालवे भरायला काही दिवस गेले, आणि एका सकाळी विहिरीत अकरावा दगड दिसेनासा झाला. मग दहावा. मोटर दुरुस्त करून आणली होती. अप्पांचा डोळा बरा झाला. तुंडु खांद्यावर टाकून ते म्हणाले, आता मी धरतों. मी म्हणाले, आजचा दिवस राहू द्या.

घरातली भांडी भरताना आईने पाचव्या भांड्यावर हात आडवा धरला. “एवढ्यात भागतंय,” ती म्हणाली. “इतके दिवस भागलंच ना.” शेवटच्या दोन स्टीलच्या टाक्या तिने माळ्यावर टाकल्या. सातवरून पाच का, हे अप्पांनी विचारलं नाही. त्यांनी पाणी बाहेरच्या नळाकडे वळवणारा व्हॉल्व्ह फिरवला.

बाहेर ऑटोवाल्याची बायको पुढे होती. दोन घागरी. एक भरली. मी दुसरी नळाखाली सरकवली आणि लक्ष दुसरीकडे गेलं, कारण त्याच दिवशी अकराला कचेरीत सुनावणी होती, टँकरच्या अर्जाची, आणि मी मनात मुद्दे जुळवत होते. एकदम माझ्या तोंडावर पाणी उडालं. तिने दुसऱ्या घागरीच्या तोंडावर हात आडवा धरला होता. धार तिच्या पंज्यावर आपटून चहूकडे उडत होती, तिची साडी भिजली, माझे मुद्दे लिहिलेला कागद भिजला.

“पोदुम म्हटलं ना!” ती ओरडली. “दोनदा म्हटलं. माझं एकीत भागलं, दुसरी तिच्यासाठी आणली आहे.” तिने मागे बघितलं. फुलवाली आजी भिंतीच्या सावलीत बसली होती, घागरीशिवाय. “अर्धी भर. तिच्या घरी मी पोचवते. आणि तू कचेरीत जाताना माझ्या नवऱ्याच्या ऑटोतून जा. मीही येते. तुला एकटीला कचेरीवाल्यांचं ऐकू येत नाही.”

मी अर्धी भरली आणि नळ बंद केला.